मिस्सा, माळ आणि शुक्रवारचे मासे

वसईतल्या कॅथलिक माणसाचा धर्म त्याच्या वेळापत्रकात मुरलेला असतो. रविवारी सकाळी मिस्सा, संध्याकाळी घरात माळ, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-कोंबडी बंद, मे महिन्यात गावच्या क्रुसापुढे प्रार्थना, नोव्हेंबर उजाडला की कबरींची साफसफाई. यातल्या काही गोष्टींना चर्चच्या कायद्याचा आधार आहे, काही निव्वळ रिवाजाने चालत आलेल्या आहेत. पाळणारा माणूस त्यांत फारसा भेद करत नाही.

हे वेळापत्रक वसईत रुजले ते पोर्तुगीज अमदानीत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे किनाऱ्यालगतच्या गावांत ख्रिस्ती देवळे उभी राहिली. सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, कोळी अशा समाजांतली कुटुंबे ख्रिस्ती झाली, पण शेती-वाडी आणि बोली त्यांनी सोडली नाही. त्यांतल्या कुपारी समाजाच्या घरांत आजही कादोडी ही बोली बोलली जाते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तरी मागे राहिलेल्यांचा धर्म टिकला. याच वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

आठवड्याचा कणा म्हणजे रविवारची मिस्सा. ती चुकवणे हा चर्चच्या नियमानुसार गंभीर दोष आहे. आजारपण, तान्हे मूल किंवा तशीच अडचण असेल तर गोष्ट वेगळी. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. पाळीवर जाणाऱ्या नर्सेस आणि कारखान्यातले कामगार यांची या सवलतीने मोठी सोय झाली आहे. मिस्सेचे दोन भाग. पहिल्यात बायबलमधली वाचने होतात. रविवारी जुन्या करारातून एक, मग स्तोत्र, पत्रांतून एक आणि शेवटी शुभवर्तमान. ही वाचने तीन वर्षांच्या चक्रात बसवलेली आहेत: एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्यामुळे एखाद्या रविवारी वसईत जे वाचले जाते तेच मनिलात आणि रोममध्येही वाचले जाते. वाचने झाली की फादरांचे प्रवचन. दुसऱ्या भागात वेदीवर भाकर आणि द्राक्षरस अर्पण करतात. फादरांनी ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की ती भाकर नुसते प्रतीक उरत नाही, तिथे प्रत्यक्ष ख्रिस्त असतो, ही कॅथलिक श्रद्धेची मध्यवर्ती गोष्ट. प्रॉटेस्टंट पंथांशी या मुद्द्यावरचा मतभेद सोळाव्या शतकापासूनचा आहे.

म्हणूनच ख्रिस्तशरीर घेण्याआधीचे नियम काटेकोर आहेत. पूर्वी मध्यरात्रीपासून पाणीही घोटायची मनाई होती. १९५७ मध्ये ही मुदत तीन तासांवर आली आणि १९६४ पासून फक्त एक तास उपाशी राहायचे असते. पाणी आणि औषध केव्हाही चालते. हातून गंभीर पाप घडले असेल तर आधी कबुली द्यावी लागते. कबुली वर्षातून निदान एकदा तरी द्यावी असा नियम आहे, आणि उपवासकाळाच्या शेवटी कबुलीच्या खोपटापुढे रांग लागते. आत ऐकलेले फादरांनी कोणालाही, अगदी न्यायालयालाही सांगायचे नाही. कोणी फोडले तर तो आपोआप चर्चबाहेर फेकला जातो.

दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) होईपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटत आणि मागे बसलेल्या बाया आपली माळ ओढत. परिषदेनंतर वसईत मिस्सा मराठीत आली, गोव्यात कोकणीत. वांद्र्यात मात्र इंग्रजीचाच वरचष्मा राहिला. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी काही बदलांना परवानगी दिली, जसे की आरती, समई आणि जमिनीवर बसून उपासना. एकमेकांना शांती देण्याच्या वेळी युरोपात लोक हातात हात देतात. वसईच्या देवळात माणूस डावी-उजवीकडे वळून हात जोडतो. हे बदल सगळ्यांना रुचले नाहीत, काहींना ते हिंदूपणाकडे झुकल्यासारखे वाटले. ती कुरकुर अजून पुरती शमलेली नाही. मराठी मिस्सेने मराठी धार्मिक लेखनालाही बळ दिले. ‘सुवार्ता’ मासिकाचे एकेकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

देवळाबाहेरची श्रद्धा मुख्यतः माळेवर उभी आहे. रोजरीच्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. प्रत्येक गटाला एकदा ‘हे आमच्या बापा’ आणि दहा वेळा ‘नमो मरिये’. प्रत्येक गटाबरोबर येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनाशी धरायचा. असे प्रसंग पूर्वी पंधरा होते. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पाच वाढवून ते वीस केले. घरात माळ सुरू होते ती दिवेलागणीनंतर. एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला उचलायचा. गट संपला की म्हणणारा बदलतो, म्हणजे शाळकरी पोरालाही पाळी चुकत नाही. शेवटी मरियेच्या नावांची लांबलचक लितानी होते आणि तिच्यातल्या एकसुरीपणात लहान मुले हमखास पेंगतात. मग धाकट्यांनी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि जेवायला बसायचे. सगळा प्रकार वीस-पंचवीस मिनिटांचा. घरातला नेमका एक जण लोकलमध्ये अडकलेला असतो, त्याच्यासाठी हल्ली कोणी थांबत नाही. तो डब्यातच उभ्याने माळ म्हणतो.

मे हा मरियेचा महिना आणि ऑक्टोबर माळेचा. मे महिन्यात आळीतल्या क्रुसाला रंग लागतो, हार चढतो आणि लोक रस्त्यावर उभे राहून प्रार्थना करतात. वांद्रे आणि मुंबईतल्या जुन्या गावठाणांमधले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत नवसाने उभारलेले आहेत. लितानी संपली की उकडलेले हरभरे वाटायची चाल गोव्यापासून मुंबईपर्यंत दिसते. नवस मात्र एकट्या कॅथलिकांचा राहिलेला नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना म्हणजे नवसाची प्रार्थना होते आणि मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या रांगेत सगळ्या धर्मांचे लोक असतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतही तेच.

वर्षातला सर्वांत जड काळ उपवासाचा. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात. रविवार वगळता चाळीस दिवस. त्यात काटेकोर उपास मात्र दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे. चौदा वर्षांवरच्या सगळ्यांना उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळीला मनाई नाही. सुरमई आणि बोंबलाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे प्रायश्चित्त म्हणून कितपत लागू पडते, हा प्रश्न वसईकरांनी स्वतःच विनोदाने विचारून झाला आहे. म्हणून बरेच जण त्या काळात दारू, सिगारेट किंवा गोड सोडतात आणि वाचलेले पैसे दानाच्या पेटीत टाकतात. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने होतात. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, आणि त्यांत स्त्रियांनाही घ्यायला २०१६ पासून मुभा आहे. गुड फ्रायडेला मिस्साच होत नाही. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवून ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात आणि उपवास सुटतो. नाताळ बाहेरच्यांना ठाऊक असतो, कारण तो दुकानांत दिसतो. चर्चच्या दृष्टीने मोठा सण ईस्टरच.

आयुष्यातले टप्पेही देवळातूनच जातात. तान्हेपणी बाप्तिस्मा, प्राथमिक शाळेत असताना पहिले कम्युनियन, किशोरवयात बिशपांच्या हातून दृढीकरण. लग्न ठरले की वधूवरांची नावे देवळात जाहीर होतात, कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर धर्मप्रांताची परवानगी लागते आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा शब्द कॅथलिक जोडीदाराला द्यावा लागतो. लग्न मोडता येत नाही, ही सगळ्यांत अवघड अट. चर्चचे न्यायासन फार तर ते लग्न मुळातच वैध नव्हते असे ठरवू शकते, पण तो निर्णय देशाच्या कायद्यात घटस्फोट ठरत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावेच लागते, आणि दोन ठिकाणी खेटे घालताना कित्येकांची उमेद संपते.

मृत्यूनंतर दफन हा रिवाज. दहनाला १९६३ पासून परवानगी आहे, मात्र रक्षा घरात ठेवायची किंवा विखरायची नाही. २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस. वर्षभर मृतांच्या नावाने मिस्सा सांगितल्या जातात आणि त्यांची नावे मिस्सेच्या सुरुवातीला वाचली जातात.

या सगळ्याचा हिशेब राहतो तो ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीत. दृढीकरण, लग्न, धर्मगुरूपद, जे काही पुढे होईल ते त्याच ओळीच्या समासात चढवतात. वसईचा मुलगा दुबईत किंवा टोरांटोत लग्न करणार असला तरी त्याला गावच्या चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला मागवावा लागतो, आणि लग्न लागल्यावर तिथले फादर उलट कळवतात, म्हणजे गावच्या वहीत नोंद होते.