हॉझचा मेंढीबाजार

ऑक्टोबरचा गारठा, त्यात रात्रभर पाऊस पडून गेलेला. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समधल्या हॉझ गावात आज मेंढ्यांचा लिलाव आहे. पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये लोखंडी कठडे लावून कप्पे केलेत आणि कप्प्याकप्प्यात स्वेलडेल जातीचे मेंढे उभे आहेत. काळं तोंड, नाकपुड्यांभोवती पांढरं, गोल वळलेली शिंगं. ओल्या लोकरीचा आणि जंतुनाशकाचा वास नाकात बसतो.

एका कप्प्यात एक शेतकरी गुडघ्यावर बसलाय. डाव्या हाताने मेंढ्याचं शिंग घट्ट धरलंय, उजव्या हातात चिमटा. तोंडावरचा काळा आणि पांढरा रंग जिथे मिळतात, तिथले चुकार केस तो एकेक करून उपटतोय. दोन रंगांची हद्द रेघ मारल्यासारखी दिसली की भाव चढतो. लोकरीला आधीच पीटचा, म्हणजे डोंगरावरच्या पाणथळ जागेतल्या काळ्या मातीचा, तपकिरी रंग दिलाय.

"नाऊ देन," मागून आवाज येतो.

"नाऊ देन," चिमटेवाला मान वर न करताच म्हणतो.

झाला रामराम. आलेला म्हातारा शिंगाच्या मुठीच्या काठीने समोरचा कप्पा दाखवतो. "ॲस्टा सीन यॉन टप?" म्हणजे, तो पलीकडचा मेंढा बघितलास का? पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी शिकून आलेल्या माणसाला हे चटकन कळत नाही; पण कान देऊन ऐकलं की एवढ्याशा वाक्यात केवढं काही साठलंय ते उलगडतं. 'ॲस्टा' हे जुन्या 'हॅस्ट दाऊ'चं झिजलेलं रूप. प्रमाण इंग्रजीने 'दाऊ' केव्हाच टाकून दिलं आणि सगळ्यांना एकच 'यू' लावलं. इथे मात्र जुन्या माणसांच्या बोलण्यात तू आणि तुम्ही अजून वेगळे आहेत. 'यॉन'चंही तसंच. जवळचं आणि लांबचं यांच्या पलीकडे, हात लांब करून दाखवायचं असं तिसरं अंतर. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या मुलखात त्याची गरज रोजच पडते.

माझ्याकडे वळताच म्हातारा बदलतो. "यू फ्रॉम लीड्स?" मित्राला 'दा', म्हणजे तेच 'दाऊ', आणि परक्या पाहुण्याला 'यू'. पूर्वी या खोऱ्यांत पोरांनी वडीलधाऱ्यांना 'दा' म्हणून अरे-तुरे केलं की बोलणी बसायची. ज्या भाषेत मानाचा भेद नाही असं आपण शाळेत शिकलो, तिच्याच एका बोलीत तो असा समोर उभा आहे.

घंटा वाजते. गोल रिंगणाभोवतीच्या पायऱ्यांवर मंडळी दाटीवाटीने बसतात. वर मचाणासारख्या जागेवर लिलाव पुकारणारा उभा. त्याचे आकडे इतके भरभर पळतात की एकाला दुसरा चिकटतो. बोली लावणारे मात्र गप्प. कुणी भुवई हलवतो, कुणी कॅटलॉगचा कोपरा. चौदाशे पौंडांवर हातोडा आपटतो. रिंगणाबाहेर विकणारा घेणाऱ्याच्या हातात चार नोटा परत ठेवतो. याला 'लक मनी' म्हणतात, सौदा लाभावा म्हणून.

"टप म्हणजे नर," शेजारी बसलेला म्हातारा मला समजावतो. मेंढी ती 'याव'. दूध तुटल्यापासून पहिली कातरणी होईपर्यंत 'हॉग', एकदा कातरली की 'शिअरलिंग', आणि न व्यालेली तरणी मेंढी 'गिमर'. गिमर हा शब्द नॉर्स, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या, लोकांबरोबर आला. डेन्मार्कचं सैन्य ८६५ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरलं. पुढे दहाव्या शतकात नॉर्वेच्या वंशाचे लोक आयर्लंडच्या बाजूने या डोंगरांत येऊन स्थिरावले. लढाया संपल्या, राज्यं गेली. मेंढरं आणि त्यांची नावं राहिली. ओढ्याला इथे 'बेक', डोंगराला 'फेल' म्हणतात. घाट ओलांडला की स्वेलडेलच्या खोऱ्यात केल्ड नावाचं गाव लागतं. केल्ड म्हणजे झरा, तोही नॉर्सच.

मी विचारतोय तसेच प्रश्न घेऊन लीड्स विद्यापीठातली माणसं याच मुलखात फिरली होती. प्राध्यापक हॅरल्ड ऑर्टन यांच्या पाहणीत १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडमधली ३१३ ठिकाणं पालथी घातली गेली. हजाराच्या वर प्रश्न, आणि उत्तर द्यायला बहुतेक ठिकाणी गावातलीच म्हातारी शेतकरी माणसं. गाय, नांगर, गोठा, चूल, सगळ्यांची नावं विचारली. ती टिपून ठेवली नसती, तर त्यातली कितीतरी त्या पिढीबरोबरच गेली असती.

म्हाताऱ्याची नात कॅन्टीनमधून चहा घेऊन येते. असेल बारा-तेरा वर्षांची. माझ्याशी अगदी शाळेतलं इंग्रजी बोलते. आजोबांकडे वळली की याव, गिमर, यॉन. मेंढ्या मोजायचे जुने आकडे येतात का, असं मी विचारतो. "यान, टान, टेदर, मेदर, पिप..." ती दहापर्यंत, 'डिक'पर्यंत घडाघडा म्हणून दाखवते. हे आकडे नॉर्सही नाहीत, इंग्रजीही नाहीत; त्यांचं नातं वेल्श भाषेशी जोडतात. वेल्शमध्येही पाचाला 'पिंप' आणि दहाला 'डेग' म्हणतात. "मोजता का या आकड्यांनी?" आजोबा हसून मान हलवतात. मोजणी आता साध्या इंग्रजीत होते. आकडे पोरांच्या पाठांतरात उरले. गिमर आणि याव मात्र पावतीवर छापलेले आहेत, कारण त्यांच्यावाचून सौदा होत नाही.

उच्चारावरून माणसाचं शिक्षण आणि पत जोखायची खोड ब्रिटनमध्ये अजून गेलेली नाही. उत्तरेकडची मुलं मुलाखतीला जाताना आपली बोली घरी ठेवून जातात. त्यांना जोसेफ राइट यांचं नाव सांगायला हवं. याच यॉर्कशायरचा हा गिरणीतला पोरगा पंधराव्या वर्षी वाचायला शिकला, ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. घरच्या बोलीने त्याचं काही अडलं नाही. उलट तीच त्याची विद्या झाली.

हॉझच्या बाजारातली बोली म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नव्हे. ती या डोंगरांत हजार वर्षं राबलेल्या माणसांची भाषा आहे, आणि जे शब्द कामाला लागतात तेच तिच्यात टिकलेत. ती टिकावी असं ज्यांना वाटतं त्यांनी शब्दकोश जरूर करावेत. पण त्याआधी इथे मेंढरं पाळून पोट भरता येईल एवढं पाहावं.