पाटाच्या काठाने कळवण

(गाव वाचताना : भाग सहावा)

जुनं गाव पाहायला निघालेल्याला आपण सुरुवात कुठून करायला सांगतो? वेस, मारुती, पार, चावडी, एखादा पडका वाडा, नदीकाठचा महादेव. हा क्रम इतका ठरून गेला आहे की वर्णनातलं गावाचं नाव झाकलं तर ते कुठल्याही तालुक्याला चिकटवता येईल. कळवण तालुक्यातल्या गिरणाकाठच्या गावांपुरता तरी हा क्रम उलटा करावा, असं माझं म्हणणं आहे. इथे आधी पाटावर जावं, त्याच्या काठाकाठाने चालावं आणि वेशीतून सगळ्यात शेवटी आत यावं. देवळाच्या बांधणीवरून गावाची श्रद्धा कळते, वाड्यावरून एका घराण्याची ऐपत कळते. पण कोण कुठे वसलं, कोणाचं शिवार कुठे पडलं आणि भांडणं कशावरून झाली, हे सांगायला पाटाइतका चांगला कागद दुसरा नाही.

गिरणा उगम पावते पश्चिमेच्या डोंगररांगेत, दळवटच्या बाजूला, केमच्या डोंगरावर. तिथे पाऊस मुबलक आणि खाली पूर्वेला मालेगावाकडे जावं तसा तो झपाट्याने आटत जातो. वरच्या डोंगरावर पडलेलं पाणी खालच्या कोरड्या काळ्या रानात न्यायचं, एवढ्या एका गरजेतून या मुलखाची जुनी व्यवस्था उभी राहिली. गिरणा, आरम, मोसम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत दगडी बंधारे घालून पाट काढले गेले आणि त्यावर फड पद्धत चालली. एका बंधाऱ्याखाली भिजणारं सगळं रान म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी फिरवायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, या सगळ्यांवर हवालदार. पाऊस कमी झाला तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. कोणा एकाची जमीन कोरडी ठेवून दुसऱ्याची भिजवायची, हा प्रश्नच येऊ नये म्हणून प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असायचा. इंग्रजांनाही ही व्यवस्था मोडीत काढता आली नाही. १८७९च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात पुढे अशा जुन्या कामांसाठी ‘दुय्यम वर्गाची पाटबंधारे कामं’ असं स्वतंत्र प्रकरण घालून कोणाचा किती पाणीहक्क, याची नोंद करण्याची सोय करावी लागली. म्हणजे गावाने आपापसात ठरवलेला करार सरकारने कागदावर उतरवून घेतला.

आता हे चालताना कसं दिसतं ते बघा. पाट नदीच्या बरोबर धावत नाही. नदी उताराने खाली जाते. पाट मात्र जेमतेम उतार राखत टेकाडाच्या कडेकडेने वळसे घेतो. त्याच्या काठाने चालणाऱ्याला चढ लागत नाही, उतारही जाणवत नाही. अर्ध्या तासाने मान वळवली की नदी बरीच खाली राहिलेली दिसते. हा फरक मोटारसायकलवरून कधीच कळणार नाही. पाटाच्या एका अंगाला हिरवं आणि दुसऱ्या अंगाला करडं रान, मध्ये हातभर रुंदीची पायवाट. जिथे पाटाला तोंड फोडलेलं असतं तिथे क्षणभर थांबावं. मातीचा गोळा, गवताची पेंढी, कधी फाटकं पोतं, एवढ्यावर एका शेताचं पाणी अडतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. दारं धरणारा माणूस फावड्याच्या दोन फटक्यांत ते मोडतो आणि तिसऱ्या फटक्यात पुढचं बांधतो. खालची शेतं लांबट आणि अरुंद दिसतात, त्यामागे वाटण्या आहेतच. पण प्रत्येक फडात आपला तुकडा हवा, हा जुना हट्टही आहे. आणि गाव? तेही बहुतेक ठिकाणी पाटाच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर. भिजणारी काळी घरांखाली घालवणं कोणाला परवडणार होतं? मागच्या भागात काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, हा भेद आला होता. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडून आणि चुलीची राख साठून झालेली ती पांढरी नेमकी तिथेच का साठली, याचं उत्तर पाटाची रेषा देते.

यावर पहिला आक्षेप येईल तो गडाचा. कळवण म्हटलं की सप्तशृंगी. साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ, अठरा हातांची देवी, पायथ्याशी नांदुरी. चैत्रात खानदेशातून पायी येणारी माणसं काय पाट पाहायला येतात? शिवाय कण्हेरगड आहे, जिथे रामजी पांगेऱ्याने मूठभर मावळ्यांनिशी दिलेरखानाच्या फौजेला तोंड दिलं. हा इतिहास खोटा नाही आणि लहानही नाही. उमाबाई दाभाड्यांनी गडाला पायऱ्या बांधल्या. पण गड सांगतो तो इतिहास बाहेरून आलेल्यांचा आहे : फौजा आल्या, यात्रेकरू आले, दाते आले. खालच्या गावाने त्या वर्षी काय पेरलं, हे गडावरून दिसत नाही. आणि गडाचाही सगळा अर्थ पाण्यावाचून लागत नाहीच. कोजागरीला कावडीवाले लांबलांबच्या नद्यांचं पाणी खांद्यावरून वर नेतात, ते त्याच मुलखात जिथे घागरभर पाण्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठेवला गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाट आता उरलाय कुठे? १९११ साली गिरणेवर चणकापूरचं धरण पुरं झालं आणि पाण्याची किल्ली गावाच्या हातून पाटबंधारे खात्याकडे गेली. मग विहिरी आल्या, विजेच्या मोटारी आल्या. ज्याच्या विहिरीला पाणी त्याने हवं ते पीक घ्यावं. फडात एकच पीक घ्यायचं बंधन कोण पाळणार? उन्हाळ कांद्याने तर सगळं चित्रच पालटलं. कांदा साठवायला चाळ लागते. जमिनीपासून उचललेली, दोन्ही अंगांनी वारा खेळेल अशी अरुंद. ती गावठाणात कशी मावणार? चाळ मळ्यात गेली, तिच्या राखणीला माणूस गेला, त्याच्या मागोमाग चूलही गेली. पांढरीतली घरं त्यामुळे ओस दिसतात आणि मळ्यांत बंगले उठतात. हे सगळं मान्य. पण यातून पाट निरुपयोगी ठरत नाही, उलट हा बदल मोजायला तीच एक जुनी खूण हाताशी राहते. पाटाच्या वरच्या कोरड्या अंगाला आज हिरवा मळा दिसला, तर तो मोटारीने आणलेला आहे, हे लगेच कळतं. पाण्याचं भांडणही संपलेलं नाही, फक्त त्याची लांबी वाढली आहे. पूर्वी ते वरच्या आणि खालच्या फडात होतं. आता चणकापूरच्या आवर्तनावर मालेगाव शहराची तहान अवलंबून आहे आणि पुनद धरणातून सटाण्याला नळाने पाणी न्यायचं ठरलं तेव्हा कळवणकर रस्त्यावर उतरले. फडाच्या बैठकीत समोरासमोर सुटणारा तंटा आता मोर्चाने आणि पोलीस बंदोबस्तात लढवला जातो, एवढाच फरक. ही प्रगती आहे की नाही, याबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. फडाची समता ही थळात जमीन असलेल्यांची समता होती. पाटकरी आणि जागल्या धान्यावर राबायचे. बैठकीत त्यांचा शब्द कितीसा चालत असेल, याची कल्पना करता येते. आणि पाटाच्या वर, डोंगराच्या पोटात, कोकणा आणि भिल्लांचे पाडे होते नि आहेत. पाणी त्यांच्या डोंगरावर पडतं, धरणं त्यांच्या खोऱ्यात बांधली गेली, पण पाट त्यांच्या खालून निघाला. त्यांची नागली, वरई, भात पावसाच्या भरवशावर. त्यांचं दैवतही वेगळ्या उंचीवर राहतं : मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो तो पाडे आणि डोंगर यांच्यामध्ये, पावरीच्या सुरावर, गावाच्या वेशीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा फडाचं कौतुक करून थांबणारा लेख अर्धवट होईल, हे कबूल. पण ही वगळणूक कुठे दिसते? देवळात नाही, वाड्यात तर नाहीच. वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर उभं राहून बाहेर कोण राहिलं ते कळत नाही. पाटावर उभं राहिलं की कळतं, कारण रेषा पायाखालीच असते. म्हणून पाटाचा काठ संपला तरी फेरी संपवू नये. करड्या अंगाने वर एखाद्या पाड्यापर्यंत चढावं आणि तिथून खाली बघावं. तेच शिवार तिथून निराळं दिसतं : वाहून गेलेल्या पाण्याचं.

एक शंका राहते. पाट हे काही ‘स्थळ’ नाही. त्यावर पाटी नाही, तिकीट नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. तो बुजला किंवा त्यावर रस्ता झाला तर वारशाच्या कुठल्याही यादीतून काही कमी होणार नाही, कारण तो यादीत कधी नव्हताच. वाड्याचं छप्पर कोसळलं तर निदान बातमी होते. पाट बुजतो तो बिनबोभाट, एकेका शेतकऱ्याच्या नांगराच्या तासागणिक, आणि त्याला दोषही देता येत नाही. त्याच्याकडे मोटार आहे.

अभोण्याहून कळवणाकडे अशी फेरी करायची असेल तर माघ महिना बरा. शेतात उन्हाळ कांदा उभा असतो आणि आवर्तन सुटलं असेल तर पाट वाहताही सापडतो. मोटारसायकल गावात ठेवा. बांध कोणाचा आहे ते विचारून मगच त्यावर पाय ठेवा. आणि दारं धरणाऱ्याशी बोलायचं असेल तर तो एक वाफा भरून दुसऱ्याकडे वळेपर्यंत थांबा. मध्येच हाक मारली तर पाणी भलत्याच शेतात जातं.