पहाटेचा खेळ: बेसबॉलबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सडक अर्जुनीच्या परिसरात धानाची कापणी आटोपली की रिकाम्या बांध्यांमध्ये स्टंप रोवले जातात. खेळ म्हणजे क्रिकेट, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. पण मोबाइलवर कधीतरी वेगळंच काही दिसतं: गोल बॅट, हातात भला मोठा चामडी ग्लोव्ह, थेट प्रेक्षकांत जाऊन पडलेला चेंडू. पोरगं थांबून बघतं. मग काही ऐकीव गोष्टी त्याला तिथून उठवतात. त्या गोष्टी एकदा तपासून घेऊ. क्रिकेट कळणाऱ्या माणसाला बेसबॉलची गोडी लागायला वेळ लागत नाही. आड येतात ते गैरसमजच.

गैरसमज १: बेसबॉल ही क्रिकेटची अमेरिकी नक्कल आहे.

वस्तुस्थिती: नक्कल नव्हे, भावंडं. दोन्ही खेळांची मुळं इंग्लंडमधल्या जुन्या चेंडूफळीत आहेत. १७४४ साली लंडनमध्ये निघालेल्या मुलांच्या एका पुस्तकात ‘बेसबॉल’ हा शब्द छापलेला आहे. ॲब्नर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउनला हा खेळ शोधला, ही अमेरिकेतली लाडकी कथा इतिहासकारांनी केव्हाच खोडून काढली. आजच्या खेळाला आकार आला तो न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लिहून काढलेल्या नियमांतून. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच शहरात, अमेरिका आणि कॅनडा क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळले होते.

गैरसमज २: सगळे चेंडू फुलटॉसच. आपला कुणीही षटकार ठोकेल.

वस्तुस्थिती: हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि खेळाची खरी गंमत इथेच दडली आहे. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. ताशी १५० किलोमीटरचा वेग तिथे रोजचा आहे, त्यामुळे बॅटरच्या हाती जेमतेम ०.४ सेकंद उरतात. टप्पा नसला तरी चेंडू हवेतच वळतो. कर्व्हबॉल ऐन वेळी खाली पडतो, स्लायडर बाजूला सरकतो, आणि हातातून सुटताना दोन्ही सरळच वाटतात.

आता बॅट बघा. क्रिकेटच्या बॅटला सव्वाचार इंच रुंदीची सपाट फळी असते. बेसबॉलची बॅट गोल, जास्तीत जास्त २.६१ इंच जाडीची. चेंडू मधोमध बसला नाही की तो वर उडतो नाहीतर जमिनीत जातो. शिवाय मारायचं तेही समोरच्या ९० अंशांच्या कोनातच. आपला लेट कट किंवा लेग ग्लान्स तिथे फाउल. चेंडू मैदानात गेला की पळणं सक्तीचं. तटवून जागेवर उभं राहण्याची सोय नाही.

म्हणूनच दहा वेळांत तीन हिट मिळवणारा तिथे उत्तम बॅटर ठरतो. साक्षात बेब रूथ यांची कारकिर्दीतली सरासरी होती .३४२. दहांतल्या सहा-सात वेळा हात हलवत परतून पुन्हा तितक्याच तयारीनं उभं राहायचं, हा या खेळाचा स्वभाव आहे. मला तो याच कारणासाठी फार मोठा वाटतो.

गैरसमज ३: तासन्‌तास काही घडतच नाही.

वस्तुस्थिती: घडतं, पण कुठे बघायचं ते ठाऊक हवं. चार आकडे पुरेत: तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू) झाले की बॅटर बाद, चार ‘बॉल’ (आवाक्याबाहेरचे, न मारलेले चेंडू) झाले की त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, मोफत, तीन गडी बाद झाले की पाळी संपली, आणि अशा नऊ इनिंग्ज. प्रत्येक चेंडूगणिक हिशेब बदलतो. तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना पिचर कोंडीत असतो. शून्य बॉल आणि दोन स्ट्राइक असताना बॅटर. सामनेही आटोपशीर झालेत. २०२३ मध्ये पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलं गेलं आणि मेजर लीग या तिथल्या अव्वल लीगचा सरासरी सामना सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला.

गैरसमज ४: सामने बघायला रात्रभर जागावं लागतं.

वस्तुस्थिती: न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हंगामात आपल्याकडे पहाटेचे साडेचार असतात; लॉस एंजलिसचे सात म्हणजे आपले सकाळचे साडेसात. शेतावर जाणाऱ्या गावाला ही वेळ परकी नाही. हंगामही ओळखीचा वाटेल. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, मार्चअखेरीस तो सुरू होतो, रोवणीच्या चिखलात मध्यावर येतो आणि धान कापणीला येईस्तोवर संपतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणून एखादा चुकला तरी बिघडत नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला मात्र पहाटे उठलेल्यांचं चीज झालं. लॉस एंजलिस डॉजर्स आणि टोरोंटो ब्लू जेज यांचा वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेतला तिसरा सामना बरोबरी सुटेना म्हणून १८ इनिंग्ज चालला आणि डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकाराने, संपला, तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते.

गैरसमज ५: हा अमेरिकेचा खेळ. त्यात आपलं कोण?

वस्तुस्थिती: वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही जागतिक स्पर्धा जपानने २००६, २००९ आणि २०२३ मध्ये जिंकली. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल एका चाचणी स्पर्धेतून पुढे आले आणि २००८ मध्ये त्यांनी पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला. दुबईच्या ‘बेसबॉल युनायटेड’मध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघ आहे. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळले जातात. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये तर क्रिकेट आणि बेसबॉल एकाच मेळाव्यात असतील.

सुरुवात साधी ठेवा. एक संघ आपला माना. एका सकाळी फक्त एकच इनिंग बघा आणि नजर चेंडूमागे न धावता बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हवर ठेवा. ग्लोव्ह कुठे मागतोय आणि चेंडू कुठे येतोय, यातलं अंतर दिसू लागलं की समजा, खेळ तुमच्याशी बोलायला लागला.