सातचा भोंगा आणि न संपणारे पान

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट २०२२ रोजी, गावाने एक निर्णय घेतला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद करायचे आणि साडेआठचा भोंगा होईपर्यंत ते सुरू करायचे नाहीत. करोनाकाळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण. पुरुष मंडळींनी आरंभी ही कल्पना हसण्यावारी नेली. महिलांनी मात्र मालिकांचा नाद आपल्यालाही जडल्याचे मान्य केले आणि त्यांच्याच पाठबळावर उपक्रम उभा राहिला. आशा व अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी समजूत घालत फिरले.

शहरी वाचकाला यात सक्तीचा वास येईल, आणि तो अगदीच चुकीचा नाही. तरीही या भोंग्याने गावाला जे दिले, ते पडद्यावरून फार पूर्वीच काढून घेण्यात आले होते. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. जुन्या संकेतस्थळांवरही खाली पानांचे आकडे असत. पुढच्या पानावर जायचे तर बटण दाबावे लागे आणि त्या क्षणी 'आता पुरे' असे वाटण्यास वाव राही. अमेरिकेतील एझा रास्किन यांनी २००६ मध्ये न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि तो क्षण नाहीसा झाला. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्यात दहा नीरस चित्रफितींनंतर अकरावी रंजक निघते. ती नेमकी केव्हा येणार हे ठाऊक नसल्याने लॉटरीप्रमाणे बोट पुढे सरकतच राहते. एकट्याचा निग्रह येथे अपुरा पडतो, यात नवल नाही.

दुसरी अडचण लोकाचाराची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि 'वाचूनही उत्तर दिले नाही' हा रुसव्याचा नवा प्रकार जन्मला. एकट्याने फोन बंद ठेवला तर तो शिष्ट ठरतो. सर्वांनी एकाच वेळी ठेवला तर कोणीच ठरत नाही. वडगावच्या महिलांनी ही गोष्ट अचूक ओळखली असावी.

गृहनिर्माण संस्थेत भोंगा वाजवल्यास सचिवांकडे तक्रारीच तेवढ्या येतील. घरापुरता तास मात्र ठरवता येतो, अट एवढीच की वडिलांचा 'ऑफिसचा' फोनही त्याच टोपलीत पडावा. निळ्या खुणा आणि आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती सेटिंगमध्ये बंद करता येतात. कार्यालयीन ग्रुपवर रात्री आठनंतर तातडीचे काम असल्यास थेट फोन करावा, असा संकेत पाडता येतो. ज्या आजी-आजोबांचा मुलगा अमेरिकेत आहे, त्यांच्या सायंकाळी तेथे सकाळ असते आणि दिवसातला एकमेव व्हिडिओ कॉल तेव्हाच होतो. अशा घराने सातऐवजी दुसरी वेळ निवडावी.