जर्मनीतील मुक्काम : घरमालकाचा दाखला आणि कामाचे दिवस (लेखांक चौथा)

गेल्या लेखांकात व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट यांचा विचार झाला. आता आपला विद्यार्थी जर्मनीत पोहोचला आहे. विद्यापीठाचे प्रवेशपत्र त्याच्या हाती असले, तरी त्या देशाच्या दफ्तरात त्याचा ठावठिकाणा अद्याप लागलेला नाही. राहत्या घरी बिऱ्हाड केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या नोंदणी कचेरीत आपला पत्ता नोंदवावा, असा तेथील कायदा आहे. या नोंदणीस ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि ती खुद्द जर्मन नागरिकांनाही चुकलेली नाही. आपल्यावर पाळत ठेवण्याकरिता ही सारी उठाठेव चालते, असा जो ग्रह आपल्याकडील काही मुले करून घेतात, तो म्हणूनच निराधार होय.

या कामी पासपोर्ट आणि अर्ज यांखेरीज घरमालकाच्या सहीचा एक दाखला लागतो. मालकाचे नाव, घराचा पत्ता, राहावयास आल्याची तारीख आणि राहणाऱ्यांची नावे, एवढाच त्यातील मजकूर. परंतु १ नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा झाला असून भाडेकरार दाखवून भागत नाही. म्युनिकसारख्या शहरी, जेथे खोली मिळणेच दुर्घट, तेथे मित्राकडे पथारी टाकून दिवस काढणाऱ्या किंवा पोटभाड्याने राहणाऱ्या मुलाची याच कागदापायी अडवणूक होते, आणि मग पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणारे’ महाभाग भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. जेथे राहणे नाही तेथील पत्ता पुरविणाऱ्यास ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. दाखला देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. तो टाळाटाळ करील, तर ती गोष्ट विनाविलंब कचेरीच्या कानी घालावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. दुबळ्या भाडेकरूस ही तरतूद ठाऊक नसते, हीच खरी अडचण.

नोंद झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो. टपालपेटीवर आपले आडनाव नसेल, तर ते पत्र आल्या पावली परत जाते; सबब मूळ भाडेकरूच्या नावाखाली आपल्या नावाची चिठ्ठी त्याच दिवशी डकवावी. यानंतर परदेशीयांच्या कचेरीत वास्तव्य-परवान्याचा अर्ज करावयाचा, तो व्हिसाची मुदत सरण्यापूर्वी. अर्ज वेळेत पडला, की निकाल लागेपर्यंत पूर्वीचे हक्क शाबूत राहतात. एक दिवसाचा उशीर मात्र फार महागात पडू शकतो.

कामाची मुभा या परवान्यातच अंतर्भूत असते. पूर्वी वर्षाकाठी १२० पूर्ण दिवस काम करता येत असे. १ मार्च २०२४ पासून ही मर्यादा १४० पूर्ण अथवा २८० अर्ध्या दिवसांची झाली. चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस गणले जाते, आणि त्याहून अधिक झाले की पूर्ण. येथे कायद्याने एक औदार्य दाखविले आहे : अध्यापनाच्या काळात आठवड्यास २० तासांपेक्षा अधिक काम न करणाऱ्याचा सबंध आठवडा अडीच दिवसांच्या हिशेबी धरता येतो, आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांचे असे १३० दिवसच होतात. विद्यापीठातील सहायकाची नोकरी तर या गणनेत येतच नाही.

स्वतंत्र व्यवसायाची गोष्ट निराळी. घरोघर जिन्नस पोहोचविण्याचे काम ‘नोकर’ म्हणून करणे वेगळे आणि ‘कंत्राटदार’ म्हणून करणे वेगळे. दुसऱ्यास कचेरीची स्वतंत्र परवानगी लागते, आणि करारावर सही करताना हा भेद पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

ज्यांची मुले दोन ठिकाणी काम करीत असतील, त्या पालकांनी त्यांना एवढे अवश्य कळवावे, की एका मालकास दुसऱ्याकडील दिवस ठाऊक नसतात; तेव्हा तारीखवार हिशेबाची वही ज्याची त्यानेच ठेवावी.