तेल आटलं की वारा आठवतो

डेन्मार्कच्या फाल्स्टर बेटाचं दक्षिण टोक म्हणजे गेडसर. योहानेस यूल या अभियंत्यानं १९५७ साली तिथे २०० किलोवॉटची पवनचक्की उभी केली. तीन पाती, २४ मीटर व्यास. जनित्र म्हणून त्यानं घेतली कारखान्यात असते तशी इंडक्शन मोटारच, फक्त उलट्या कामाला लावलेली. ती थेट ग्रीडला जोडली की ग्रीडच चक्कीचा वेग धरून ठेवतं. आणि वादळात ग्रीडच गेलं तर? वेग वाढताच पात्यांची टोकं आडवी वळायची आणि चक्कीला आवरायची.

फारशा देखभालीविना ती दहा वर्षं चालली. १९६७ मध्ये थांबवली. तेलाच्या भावापुढे वाऱ्याची वीज परवडेना.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. यूलचे गुरू पाउल ला कूर यांनी १८९१ पासूनच आस्कोव्हला वाऱ्यावर वीज काढली होती. पहिल्या महायुद्धात इंधन मिळेना, तेव्हा खेड्यांतल्या वीजघरांनी चक्क्या लावल्या. दुसऱ्यातही तेच. लढाई संपली, स्वस्त तेल आलं; गरज सरो, वैद्य मरो.

मग ऑक्टोबर १९७३. इजिप्त-सीरियाचं इस्रायलशी युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपाचा भाव काही महिन्यांत सुमारे तीन डॉलरांवरून बाराच्या घरात गेला. डेन्मार्कची नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलावर. रविवारी मोटारी काढायला बंदी आली. बंद पडलेली गेडसरची चक्की अमेरिकी मदतीनं पुन्हा फिरवून मोजमापं घेतली गेली. रीसागर नावाच्या सुतारानं तर बाजारातली मोटार आणि गाड्यांचे सुटे भाग जुळवून अंगणातच चक्की उभारली. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या तीन पात्यांच्या चक्क्या याच घराण्यातल्या.

पण युद्धानं वाऱ्याचं भलं केलं, हे अर्धंच खरं. डॅनिश वीजकेंद्रांनी तेल सोडून आधी धरला तो कोळसा. बॉयलर बदलायला काही वर्षं पुरतात. विंडेबीचं पहिलं सागरी पवनक्षेत्र, अवघ्या ११ चक्क्यांचं, यायला १९९१ उजाडलं. २०२२ मध्ये रशियाचा वायू आटला, तेव्हा जर्मनीनं पवन-सौर प्रकल्पांना कायद्यानं झुकतं माप दिलं खरं; पण त्याच वर्षी राखीव कोळसा केंद्रंही पेटवली, आणि व्हिल्हेल्म्सहाफेनला द्रवरूप वायूचं टर्मिनल जेमतेम दहा महिन्यांत उभं केलं.

डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज आज वाऱ्याची आहे. गेडसरची जुनी पाती संग्रहालयात आहेत.