बाटलीतला युरिया आणि काही प्रश्न

नागपूर जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांत युरियाच्या गोणीशेजारी आता अर्ध्या लिटरची बाटली दिसते: नॅनो युरिया. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. इतके बारीक झाले की पदार्थाचे गुणधर्मही बदलू शकतात. प्रश्न सुरू होतात ते इथूनच.

पहिला प्रश्न दाव्याचा. केंद्र सरकारने 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली या खताला मान्यता दिली. एक बाटली 45 किलोच्या गोणीची जागा घेते, असा ते बनवणाऱ्या इफ्को या सहकारी संस्थेचा दावा होता. पण तेव्हाच्या 4 टक्के नत्राच्या बाटलीत नत्र भरत होते जेमतेम 20 ग्रॅम. गोणीत 20 किलोंहून जास्त. पानांवर फवारल्याने नत्र वाया जात नाही हे मान्य केले, तरी एवढी तफावत भरून निघते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे.

दुसरा प्रश्न फवारणाऱ्याचा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे नॅनो नव्हती. पण मास्क-हातमोजे बांधापर्यंत पोहोचत नाहीत, हे तेव्हा दिसले. नॅनोकण श्वासावाटे खोलवर जाऊ शकतात, म्हणून ही काळजी दुप्पट हवी.

तिसरा प्रश्न निवडीचा. गोणीसोबत बाटली गळ्यात मारणे, म्हणजे ‘लिंकिंग’, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

नॅनो कृषी-उत्पादनांच्या तपासणीसाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कागदावर न राहता चाचण्यांचे निकाल शेतकऱ्याला मराठीत वाचायला मिळावेत, एवढी अपेक्षा रास्तच आहे.